सरकी, बिनौला आणि आमची लाल शाई

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सहावीच्या वर्गाला आम्ही 'कपास' या विषयावर दहा ओळींचा निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत वाक्य आले, 'कपास के बीज को सरकी कहते हैं.' आम्ही 'सरकी'वर लाल शाईने आडवी रेघ मारली, वर 'बिनौला' लिहिले आणि एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी वही हातात पडल्यावर तो मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, हमारे घर में तो सरकीच बोलते." वर्ग हसला. आम्हीही हसलो. आणि मास्तरकीच्या सुरात म्हणालो, "बेटा, घर में बोलो, कापी में मत लिखो."

त्या मुलाचे वडील गाद्या-रजया भरतात. त्याच्या आजोबांच्या खांद्यावर पिंजण असे. आई हंगामात माहेरच्या गावी वेचणीला जाते. म्हणजे त्या वर्गात कापसाबद्दल सर्वांत जास्त कोणाला कळत असेल तर त्यालाच. आणि गुण कापला गेला तोही त्याचाच!

मुलाच्या घरच्या भाषेचा हात धरून त्याला शाळेच्या भाषेकडे न्यावे, हे तत्त्व आम्ही बी.एड.च्या पेपरात पाने भरभरून लिहिले होते. त्याचे गुणही मिळवले होते. वर्गात उभे राहिलो तेव्हा मात्र ते तत्त्व पेपरातच राहिले. त्या रात्री आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे, हे वाचकांपासून कशाला लपवा?

पण गोष्ट एका मास्तरच्या चुकीवर संपती तर कागद खर्च केला नसता. आम्ही राहतो मनीषनगरला. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या वस्तीत. मनीषनगर ही नोकरदारांची, निवृत्तांची, फ्लॅट-स्कीमांची वसाहत. शेजार चांगला आहे. ईदला आमच्याकडून शिरखुर्मा जातो, दिवाळीला त्यांच्याकडून चिवडा-चकली येते. पण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवे गृहस्थ आमचे बोलणे ऐकतात आणि मनापासून कौतुक करतात, "सर, तुम्ही मराठी फार छान बोलता हो!" आमच्या चार पिढ्या विदर्भाच्या मातीत गेल्या. आमच्या शेजारी राहणाऱ्या साठ्यांना किंवा देशमुखांना कोणी असे सर्टिफिकेट देत नाही. आम्हाला देतात. आम्ही 'थँक यू' म्हणून जिना चढतो. चढताना वाटते, ही पण एक लाल शाईच आहे. फरक एवढाच, की इथे गुण कापत नाहीत, वाढवून देतात.

याच गल्लीत हिवाळ्याच्या तोंडाला गादीवाला आला होता. हल्ली खांद्यावरचे पिंजण गेले, गाडीवर मोटारीचे यंत्र आले. आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी दोन जुन्या गाद्या खाली आणवल्या आणि घासाघीस सुरू केली, तीही मोडक्यातोडक्या हिंदीत : "भैया, रुई तो अपनीच है, फिर इतना पैसा कायको?" तो माणूस हसून म्हणाला, "ताई, मी अकोटकडचा हाव. मराठीतच बोला नं." ताई ओशाळल्या. टोपी-दाढी पाहिली की आपली जीभ आपोआप हिंदीकडे वळते, हे त्यांच्या कधी लक्षातच आले नव्हते. आम्ही वरच्या गॅलरीतून ऐकत होतो. हसू आले. लगेच सहावीतला मुलगा आठवला आणि हसू गेले.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ मांडतो. कापसाचे शब्द त्यांचे, ज्यांनी कापूस पेरला, वेचला, पिंजला, कातला आणि विणला. या शब्दांवर दोन बाजूंनी रेघा मारल्या जातात. शुद्ध मराठीवाल्यांना त्यातले काही शब्द परके वाटतात, खालिस उर्दूवाल्यांना काही गावठी वाटतात. दोघांची शाई एकाच दौतीतली आहे. आणि रेघ शब्दावर मारली तरी पुसला जातो तो माणूस.

कापूस शब्दाचे गाव कोणते?

आधी शुद्धतेचा हिशेब करू. 'कापूस' हा शब्द संस्कृतातल्या 'कर्पास'वरून आला, हे शाळेत शिकवतात. पुढचे शिकवत नाहीत. हाच शब्द व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर पश्चिमेला गेला. फारसीत तो 'किर्पास' झाला, हिब्रू धर्मग्रंथात राजवाड्यातल्या पडद्यांच्या वर्णनात 'कर्पस' म्हणून बसला, ग्रीकांनी त्याला 'कार्पासोस' केले. अरबांनी कापसाला आपला शब्द वापरला, 'कुत्न'. अरब कापूस घेऊन स्पेन-सिसिलीपर्यंत गेले, आणि त्या 'कुत्न'चे इटालियनात 'कोतोने', फ्रेंचात 'कोतों', इंग्रजीत 'कॉटन' झाले. स्पॅनिश माणूस तर आजही 'अल्' हे अरबी उपपदच चिकटवून 'अल्गोदोन' म्हणतो.

आता गंमत पाहा. 'सुती' म्हटले की गरिबाचे कापड वाटते. 'प्युअर कॉटन' म्हटले की किंमत तिप्पट होते. मराठीतून अरबी शब्द हद्दपार करा म्हणणारे सद्गृहस्थही छाती फुगवून सांगतात, आम्ही बाई कॉटनच वापरतो! जो शब्द मुसलमानाच्या तोंडून आला असता तर परका ठरला असता, तोच साहेबाच्या तोंडून फिरून आला म्हणून भारी ठरला. मलमलीला युरोपने 'मस्लिन' म्हटले ते इराकमधल्या मोसुल शहरावरून, आणि जाड्या कापडाला 'कॅलिको' म्हटले ते आपल्या कालिकतवरून. कापसाच्या बाबतीत शुद्ध रक्ताचा शब्द शोधायला निघालेला माणूस अर्ध्या जगाची वारी करून रिकाम्या हाताने परत येईल.

घराकडे येऊ. विदर्भात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. हा फारसीचा 'काश्तकार'. तो जमिनीत कापूस पेरतो, 'जमीन' फारसी. पेरतो खरिपात, 'खरीप' अरबी. वेचतो हंगामात, 'हंगाम' फारसी. मार्केटात नेतो तिथे दलाल, हमाल, तराजू, वजन, बाजारभाव. सगळे आमच्याच 'परक्या' खानदानातले. कापडाकडे वळावे तर सदरा, पायजमा, रुमाल, चादर, अस्तर, तक्क्या. फकिराच्या आणि साधूच्या अंगावरची 'कफनी'सुद्धा कफनाचीच लेक. भाषाशुद्धीवाल्यांना आमची एकच विनंती आहे : हे सगळे शब्द वगळायचेच असतील तर सुरुवात 'कर्ज' या शब्दापासून करा. तो अरबी आहे. तेवढा खरोखरच वगळता आला तर आमचा कास्तकार तुम्हाला दुवा देईल. ('दुवा'ही अरबीच, पण तो राहू द्या.)

हा वाद आजचा नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. विद्वानांचे मन असे हेलकावे खाऊ शकते. कास्तकाराच्या भाषेने हेलकावे खाल्ले नाहीत. तिला ज्या शब्दाने काम झाले तो तिने ठेवला आणि त्याला जात विचारली नाही.

इथपर्यंत आमचे वाचक माना डोलावतील. आता जरा आमच्याकडेच वळतो.

आम्ही ज्या 'बिनौला'साठी मुलाचा गुण कापला, तो शब्द कुठला? अरबस्तानातला नाही, इराणातला नाही. फारसीत सरकीला 'पंबा-दाना' म्हणतात. 'बिनौला' हा उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याचा रोजचा गावठी शब्द. वऱ्हाडात जशी सरकी, तसा तिकडे बिनौला. म्हणजे उर्दूच्या शुद्धतेसाठी म्हणून आम्ही जे केले, ते प्रत्यक्षात इतकेच होते, की तिकडच्या शेतकऱ्याच्या शब्दाला खुर्ची दिली आणि इकडच्या शेतकऱ्याच्या शब्दाला दारात उभे केले. उर्दू ही आमची भाषा आहे, तिच्यावर आमचे पोट आहे आणि जीवही आहे. पण दिल्ली-लखनौच्या बाहेर बोलली जाणारी उर्दू म्हणजे बिघडलेली उर्दू, ही समजूत आमच्या स्टाफरूममध्ये आजही चहाबरोबर फिरते. 'सरकीच बोलते' या दोन शब्दांच्या आसपास एका मुलाच्या तोंडात मराठीतला 'च' आणि उर्दूचे क्रियापद किती सुखाने नांदत होते! ते ऐकायला आम्हाला कान नव्हते. कानात आम्हीच कापसाचे बोळे घातले होते.

कोणी म्हणेल, सर, परीक्षेत बिनौलाच येणार ना? प्रमाण भाषा नको का? हवी. शंभर वेळा हवी. गरिबाच्या मुलाला प्रमाण भाषा आली नाही तर त्याच्यासाठी सगळी दारे बंद होतात, हे आम्ही रोज पाहतो. पण 'सरकी'च्या बाजूला 'बिनौला' लिहिणे वेगळे आणि 'सरकी' खोडून 'बिनौला' लिहिणे वेगळे. पहिल्यात मुलाला एक शब्द जास्त मिळतो. दुसऱ्यात त्याला कळते, की आपल्या आईला शब्द येत नाहीत.

आखूड धागा

हे खोडणे झाडापासून सुरू झाले, म्हणून झाडाची गोष्ट सांगणे भाग आहे.

जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या चार जाती आहेत. त्यातल्या दोन या जुन्या जगातल्या, ज्यांना आपण देशी किंवा गावरान म्हणतो. दोन अमेरिकेकडच्या. आपल्या काळ्या मातीत पिढ्यानपिढ्या देशी पऱ्हाटी उभी होती. पाऊस ओढला तरी तग धरणारी, रस शोषणाऱ्या किडींना पटकन न हरणारी. तिची सरकी कास्तकार घरात राखून ठेवी आणि पुढल्या मृगाला पेरी. पहिल्या वेच्याला बायका शेतात सीतादही करीत. कपाशीचे झाड त्यांच्यासाठी घरातल्या लेकुरवाळीसारखे होते.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावसारख्या कापसाच्या पेठेला तर स्वतंत्र फाटाच दिला गेला. अमरावतीचा, हिंगणघाटचा कापूस समुद्रापार नावाने ओळखला जाऊ लागला. पण साहेबाच्या यंत्राला लांब धागा हवा होता. आमच्या कापसाचा धागा आखूड. मग तो कमअस्सल ठरला. लँकेशायरमध्ये हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणत, आणि तिथल्या कामगारांच्या तोंडी 'सुरत' हा शब्दच हलक्या, भेसळीच्या मालासाठी शिवीसारखा झाला. एका भरभराटीच्या शहराचे नाव शिवी व्हायला काय लागते? धनको नाराज व्हावा लागतो, बस.

ज्या धाग्यातून हातावर उत्तम सूत निघत होते, तो धागा वाईट कसा? तो एका विशिष्ट यंत्राला सोयीचा नव्हता, एवढेच. पण मोजपट्टी यंत्रवाल्याच्या हातात होती. शब्दांचेही असेच झाले आहे. वऱ्हाडी बोली आखूड, नागपुरी हिंदी आखूड, आमची दखनी वळणाची उर्दू आखूड. कोणाच्या यंत्राला?

आमच्या मनीषनगरहून वर्धा रोडने पुढे गेले की पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. १९७६ साली नागपूरला स्थापन झालेली ही देशपातळीवरची संस्था. मनीषनगरातल्या किती घरांना ठाऊक आहे, की आपल्या बसण्या-उठण्यावरून काही किलोमीटरवर देशाच्या कापसाचा अभ्यास चालतो? आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. आम्हालाही ते त्या लाल रेघेनंतरच आठवले.

१९७० मध्ये गुजरातेत पहिले संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी हटली, उत्पादन वाढले, हे खोटे नाही. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरची सरकी पेरणे संपले. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले. त्यांच्या मृत्यूचे कारण कोणी कास्तकाराच्या अडाणीपणात शोधले, कोणी औषधाच्या डब्यावरच्या बारीक अक्षरात. त्या डब्यावरची भाषा फवारणाऱ्याची होती काय, हा प्रश्न भाषेच्या मास्तरला तरी पडायला हवा.

आता संशोधक पुन्हा देशी वाणांकडे वळून पाहत आहेत. काल जे आखूड म्हणून टाकले, त्यातले गुण आज उपयोगी पडतील काय, याचा शोध चालू आहे. बियाण्याच्या बाबतीत ही अक्कल आली. शब्दांच्या बाबतीत केव्हा येणार? घरातून पेरायची सरकी गेली. सरकी आता ढेपेपुरती उरली. निदान शब्द तरी मुलाच्या वहीत राहू द्यावा, एवढेही आम्हाला सुचले नाही.

पिंजारी ही शिवी आहे काय?

आता सर्वांत नाजूक जागा. झाडाच्या बोंडातून निघालेला कापूस लगेच धागा होत नाही. आधी रेच्यावर सरकी वेगळी होते. उरते ती रुई, दबलेली, गाठी पडलेली. ती मोकळी करणारा माणूस म्हणजे पिंजारी. धनुकलीची तात रुईवर टणटणते, रुई उसळते, कचरा खाली पडतो आणि ढगासारखा ढीग उभा राहतो. मग पेळू, मग चरखा, मग सूत. पिंजाऱ्याच्या फुप्फुसात रुईचे तंतू जात. त्याच्या खोकल्यावर कोणी निबंध लिहिला नाही.

महाराष्ट्राच्या गावोगावी हे काम प्रामुख्याने मुसलमानांनी केले. दक्षिण महाराष्ट्रात ते नदाफ. अरबीत 'नद्दाफ' म्हणजे रुई पिंजणारा. विदर्भ-खानदेशात पिंजारी, मन्सुरी. मन्सुरी हे नाव सूफी मन्सूर हल्लाजशी जोडतात, आणि 'हल्लाज' या शब्दाचा अर्थही कापूस साफ करणारा, पिंजणारा असाच. इ.स. ९२२ मध्ये बगदादला त्याला सुळावर चढवले. त्याचे नाव आमच्या मैफलीत, शायरीत, वाझमध्ये आदराने घेतले जाते. डोळ्यांत पाणी येते. आणि मैफल संपल्यावर त्याच मैफलीतला कोणी मुलीच्या स्थळाची चौकशी करताना हळूच विचारतो, "मियाँ, वो लोग धुनिये तो नहीं?"

हे आम्ही ऐकले आहे. वाचकांनीही ऐकले आहे. 'जुलाहा' म्हणून हिणवणे, 'पिंजारी कहीं का' म्हणून टोमणा मारणे, 'सूत न कपास, जुलाहे से लट्ठमलट्ठा' ही म्हण हसत हसत फेकणे, हे आमच्याच दिवाणखान्यात चालते. इस्लाममध्ये जात नाही, असे आम्ही मनीषनगरच्या शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतो. सांगताना आवाज थोडा जास्तच चढतो. मग अश्राफ आणि अज्लाफ हे शब्द कोणी घडवले? साठे-देशमुखांनी?

हजरत आयेशांची एक रिवायत बुखारीत आहे. पैगंबरांना तीन पांढऱ्या यमनी सुती वस्त्रांत कफन दिले गेले. तिथे कापसासाठी 'कुर्सुफ' हा शब्द आला आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत पवित्र देहावरचे शेवटचे वस्त्र कापसाचे होते. कोणीतरी तो कापूस वेचला असेल, कोणीतरी पिंजला, कोणीतरी विणला. आमच्यातला सय्यद असो की शेख, पठाण असो की नदाफ, शेवटच्या प्रवासाला प्रत्येकजण विणकराच्या हातचे सूत अंगावर घेऊन निघतो. ते सूत अंगावर घ्यायला लाज नाही, आणि विणणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला लाज वाटते! याला दीन म्हणायचे की ढोंग?

मराठीने या बाबतीत आमच्यापेक्षा मोठे मन दाखवले आहे, हे कबूल केले पाहिजे. एखादा विषय खोलात जाऊन अभ्यासला तर मराठी माणूस म्हणतो, 'विषय पिंजून काढला'. हरवलेल्या माणसासाठी 'गाव पिंजून काढतात'. दोघांचे पटले की 'सूत जुळते'. सरळ आलेला माणूस 'सुतासारखा सरळ' होतो. पिंजाऱ्याची आणि विणकराची कामे या भाषेने विचार करण्यासाठी उसनी घेतली. पण मराठी विद्वानांनीही उसने घेतल्याची पावती कधी फाडली नाही. विषय पिंजून काढणाऱ्या किती समीक्षकांनी पिंजाऱ्याच्या घरचा चहा घेतला असेल?

ज्यांनी या लाजेला तोंड दिले त्यांची नावे घेतली पाहिजेत. शब्बीर अन्सारी यांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, अभिनेते दिलीपकुमार त्यांच्या मागे उभे राहिले. या चळवळीने सांगितले, की आपला धंदा लपवू नका, कागदावर लिहा. आज आमच्याकडे पालक येतात, दाखल्यावर 'पिंजारी' लिहा म्हणतात, कारण त्याशिवाय जातीचे प्रमाणपत्र निघत नाही. मागच्या पिढीने लाजेपोटी शाळेत नुसते 'मुसलमान' लिहवले होते. आता आजोबांचा जुना दाखला शोधत फिरावे लागते. त्यांच्या वेळी कोणत्या तरी मास्तरने, आमच्यासारख्याच, रेघ मारली असेल काय, हा विचार आम्हाला झोपू देत नाही.

जुम्मा तलावाच्या काठी

कापडाची गोष्ट नागपुरात सांगायची तर एम्प्रेस मिलशिवाय सांगता येत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. जागा जुम्मा तलावाच्या काठची. त्याच तलावाला शुक्रवारी तलाव म्हणतात, आणि त्यालाच आता गांधीसागर. जुम्मा म्हणा की शुक्रवार, पाणी तेच. या शहराला दोन भाषांचे ओझे कधी झाले नव्हते.

गिरणीच्या आधीपासून इथे कोष्ट्यांचे आणि हलबा विणकरांचे माग चालत होते. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकरांची कुटुंबे उखडली गेली आणि मालेगाव, भिवंडी, कामठी, नागपूर अशी पसरत गेली. मोमिनपुरा हे नाव त्यातूनच रुजले. कोष्टी आणि मोमीन यांचा माग एकच, खळीचा वास एकच, मंदीत उपाशी राहण्याची तऱ्हाही एकच. एकाचा धोटा, दुसऱ्याची ढरकी, नावे दोन. आडव्या-उभ्या धाग्यांचे काम तेच. पुढे दोघांची पोरे त्याच भोंग्यावर गिरणीत गेली. १९८६ साली एम्प्रेस मिल सरकारी महामंडळाकडे आली, २००२ मध्ये ती बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा त्याने कोष्टी कोण आणि मोमीन कोण हे विचारले नाही. आज त्या जागेवर मॉल आहे. आमचे विद्यार्थी तिथे सरकते जिने पाहायला जातात. तिथल्या काचेमागे 'हंड्रेड परसेंट कॉटन'च्या पाट्या आहेत. त्या जागी कोणी सूत कातत होते, हे मुलांना सांगितले तर ती आमच्याकडे विनोद केल्यासारखे पाहतात.

म्हणजे झाड दुसऱ्याच्या बियाण्याचे झाले, धागा यंत्राचा झाला, कापड मॉलचे झाले. चौथा उरतो तो शब्द. तो एकटाच अजून आमच्या घरात आहे. आणि त्याला बाहेर काढायला कोणी सरकार, कोणी कंपनी लागली नाही. लाल पेन पुरले.

मग करायचे काय?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. चादरीच्या गावात. तेव्हापासून आपण व्यासपीठावरून सांगत आलो, की मराठी आमचीही भाषा आहे. ते सांगायलाच हवे होते. पण पुराव्यादाखल आपण नेहमी संतांची, शाहिरांची, मोठ्या लेखकांची नावे देतो. आमच्या मते सर्वांत बळकट पुरावा आमच्या नानी-दादीच्या तोंडात आहे. बोंड, सरकी, पेळू, ढेप, वेचा, पऱ्हाटी हे शब्द त्यांनी कुठल्या संमेलनात शिकले नाहीत. ते त्यांच्या बोटांना लागले होते.

म्हणून मनीषनगरच्या शेजाऱ्यांना सांगणे आहे : आमच्या मराठीचे कौतुक करू नका. व्याकरण चुकले तर जसे स्वतःच्या मुलाला टोकता तसे टोका. आणि गादीवाल्याशी मराठीत बोला.

आमच्या उर्दू शाळांतल्या साथीदारांना सांगणे आहे : 'बिनौला' शिकवा, पण 'सरकी' खोडू नका. मुलाला विचारा, घरी काय म्हणतात? ते फळ्यावर लिहा. मग पुस्तकातला शब्द लिहा. फळा मोठा आहे, दोन्ही मावतात.

आणि आमच्या बिरादरीतल्या बड्या मंडळींना सांगणे आहे : हल्लाजच्या नावाने अश्रू ढाळायचे असतील तर ढाळा, पण मग जिवंत पिंजाऱ्याला दस्तरखानावर शेजारी बसवा. दोन्ही जमत नसेल तर निदान अश्रू तरी वाचवा.

आम्ही काय केले तेही सांगतो, नाही तर हा लेख म्हणजे दुसऱ्यांच्या वहीवरची लाल शाई होईल. पुढल्या आठवड्यात आम्ही त्या मुलाची वही मागून घेतली. त्याने का म्हणून विचारले नाही. वही पुढे केली आणि खाली पाहत उभा राहिला. आम्ही कापलेला गुण परत दिला आणि वर्गासमोर सांगितले, की चूक आमची होती. मास्तर चुकतो हे ऐकून वर्गाला फार आनंद झाला. मग त्याला म्हणालो, घरून कापसाचे शब्द लिहून आण. तिसऱ्या दिवशी त्याने आणलेल्या कागदावर एकोणीस शब्द होते. अर्धे त्याने सांगितलेले, अर्धे त्याच्या दादीने. त्यातले सात आम्हाला ठाऊक नव्हते.

वहीतली ती लाल रेघ मात्र तशीच आहे. शाई खोडता येत नाही. ती पाहून आम्ही पुढची वही उघडतो.